चव म्हणजे खाणं नव्हे

"सकाळपासून काही खाल्लं नाही ना?" नर्सने विचारलं.

"छे!" आचारी ऐटीत म्हणाला. "कँटीनमध्ये जाऊन पातेल्यांची चव तेवढी बघून आलो."

शेजारी उभ्या असलेल्या बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

"चव म्हणजे किती?"

"रश्श्याची वाटी. नुसता रस्सा जिभेला कळत नाही, म्हणून दोन पाव. मग भात शिजलाय का बघायला मूठभर भात."

"म्हणजे जेवलात की!"

"अहो बाई, चव म्हणजे खाणं नव्हे. खाणं बसून असतं. मी उभा होतो."

झालं. डॉक्टर आले, त्यांनी मान हलवली आणि पुढच्या आठवड्याची तारीख देऊन निघून गेले. आचाऱ्याच्या तळपायापर्यंत रक्त पोचत नव्हतं, आणि बायकोच्या तळपायाची आग मात्र थेट मस्तकात गेली.

दुखणं साधं नव्हतं हो. डाव्या पायाच्या अंगठ्यावर पातेल्याचं झाकण पडलं, जखम झाली, ती काही केल्या भरेना. टोक काळं पडायला लागलं तेव्हा बायकोने त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. मांडीतली रक्तवाहिनी आतून अरुंद झालीय, डॉक्टरांनी सांगितलं. जांघेतून बारीक नळी घालायची, तिच्या टोकाला इवलासा फुगा. अरुंद जागी नेऊन तो फुगवायचा, वाट मोकळी करायची आणि फुगा बाहेर काढायचा. भूल तेवढ्या जागेपुरती, माणूस जागाच, पण पोट रिकामं हवं. नाही केलं तर अंगठा जाईल, आणि तेवढ्यावर थांबेलच असं नाही. एवढं सगळं ऐकून आचाऱ्याने एकच विचारलं, "फुगा फुटला तर?" डॉक्टर हसले. बायकोही हसली.

तर त्या दिवशी घरी परतताना तो नेहमीसारखा दर चार दुकानांनंतर थांबत होता. चाललं की पोटरीत गोळा यायचा. मग हा काचेआडच्या वस्तू निरखल्याचा आव आणायचा. या वेळी थांबला तो बायकांच्या चपलांपुढे.

"घ्या एक जोड," बायको कडाडली. "पाय राहिला तर घालाल!"

"रस्त्यात तमाशा नको."

"तमाशा मी करतेय? मी? एक दिवस ती मेली पातेली हाताखालच्या माणसांवर सोडली असती तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"खारट झालं असतं."

पालथ्या घड्यावर पाणी. तिने आठवडाभर त्याला कँटीनची पायरी चढू दिली नाही. रोज पट्टी बदलताना अंगठा बघायची. काळं नखाच्या मागे सरकलं होतं. ती दात-ओठ खात नवी पट्टी बांधायची, आणि तो छताकडे बघत बसायचा.

तारखेच्या सकाळी तिने बिस्किटांचा डबासुद्धा कपाटात कुलपात ठेवला. सासूबाईंचं दुपारचं जेवण करून ठेवायचं होतं, म्हणून डाळ टाकली. आचारी स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसला होता, एका डोळ्याने घड्याळ आणि एका डोळ्याने गॅस बघत. तिचं डोकं दहा ठिकाणी: रिपोर्ट, टॅक्सी, सासूबाईंच्या गोळ्या. डाळ उकळली. तिने पळी भरली, फुंकर घातली, वळली आणि संसारात रोज म्हणत आली तेच म्हणाली.

"अहो, मीठ बघा जरा."

त्याने तळहात पुढे केला. तिने डाळ ओतली. आणि मग दोघंही जागच्या जागी थिजले.

आठवडाभर ज्याच्यावर पहारा दिला, त्याच्या हातावर तिनेच डाळ वाढली होती! एकदा चाटलं की हा दवाखान्यात जाऊन बिनदिक्कत सांगणार, चव बघितली. परत तारीख. तोवर अंगठा कुठवर काळा होईल कोण जाणे. आणि त्याला तेच हवं होतं, हे आत्ता कुठे तिच्या डोक्यात शिरलं. हा माणूस हट्टी नव्हता, घाबरला होता. आणि आपण हसलो होतो.

आचारी तळहाताकडे बघत राहिला. मग उठला, लंगडत बेसिनपाशी गेला आणि हात धुतला.

"तूच बघ," तो म्हणाला.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"शीक. टेबलावर काही झालं तर कोण बघणार आहे?"

"शुभ बोला हो!" ती ओरडली. तरी चव घेतली. काहीच कळलं नाही.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. वाट मोकळी झाली होती, पाय वाचला होता. अंगठ्याचं टोक मात्र काढावं लागणार होतं. तेवढं हाताबाहेर गेलं होतं.

वॉर्डात तो पाय सरळ ठेवून पडला होता. तिने पाऊल हातात घेतलं. उबदार होतं. ते कळलं आणि तिचा रागाचा बांधच फुटला.

"गेल्या आठवड्यात गपचूप झोपला असतात टेबलावर, तर अख्खा अंगठा राहिला असता. कळतंय का?"

ती उत्तराची वाट बघत होती. पुढची चार वाक्यं तयार होती.

"हो," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

उभ्या जन्मात हे शब्द त्याच्या तोंडून तिने ऐकले नव्हते. आता भांडायचं तरी कुणाशी? ती पाऊल धरून तशीच बसली आणि हमसून हमसून रडली.