कुंकू लागलेली एलची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. पत्र्याची, हातभर सुद्धा नाही, पांढऱ्या अंगावर एकच लाल अक्षर: एल. तुम्ही मला रस्त्यात पाहिलं असेल आणि हसलाही असाल. हसा बापडे! पण त्या एका अक्षरापायी एक बाई आणि मी कशा अडकून पडलो, ते ऐकून मग हसा.

जळगावातल्या एका रेडियमवाल्याच्या दुकानात माझा जन्म झाला. त्याने कैचीने पत्रा कापला, लाल रेडियम चिकटवलं आणि वरून असा तळहात दाबला की माझं अक्षर आजही निघालेलं नाही. मला विकत घेतलं ते पिंप्राळ्याच्या लताबाईंनी. लेकीच्या, मेघाच्या कॉलेजसाठी घरात स्कूटर आली होती. लेक तिच्यावर बसून जायची आणि आई ओट्यावरून बघत राहायची. शेवटी एक दिवस आई म्हणाली, "मेघा, मलाही शिकव गं."

मला स्कूटरच्या पुढच्या बाजूला बसवताना लताबाईंनी विचारलं, "हा एल म्हणजे काय?"

"लर्न, आई. म्हणजे शिकणं. आपण स्वतः शिकतो ते लर्न. दुसऱ्याला शिकवतो ते टीच."

"मग मी काय म्हणू? आय लर्न स्कूटर?"

"आय ॲम लर्निंग. अजून चालू आहे ना!"

"आणि शिकून झालं की?"

"आय हॅव लर्न्ट."

लताबाईंनी ते वाक्य दोनदा घोळवून पाहिलं. "हे मी गाडीवर बसून म्हणणार," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांचं ते वाक्य माझंही झालं. कारण ते वाक्य म्हणजे माझी सुटका, नाही का?

पडल्या, धडपडल्या, एकदा तर शेजारच्या निंबाभाऊंच्या तुळशीवृंदावनावर चढल्या. पण बाई जिद्दीच्या. आरटीओच्या मैदानात त्यांनी असा सुरेख आठ काढला की माझाच ऊर भरून आला. पक्कं लायसन्स आलं. मी मनात म्हटलं, चला, आता निघायचं!

पण घोडं इथेच पेंड खायला बसलं. दुसऱ्या दिवशी दसरा होता. लताबाईंच्या सासूबाई, भिकुबाई, हळदीकुंकवाचं तबक घेऊन आल्या. त्यांनी स्कूटरला हार घातला आणि माझ्यावर, नेमक्या माझ्या लाल अक्षरावर, कुंकवाचं बोट ओढलं. वर आपट्याचं पान चिकटवलं. मी फुशारले, खोटं कशाला बोलू! आजवर कुणी मला ओवाळलं नव्हतं.

सण झाल्यावर लताबाई पाना घेऊन आल्या, तर त्यांचे यजमान झुलालभाऊ आडवे आले. ते पाइपच्या कंपनीत कामाला. रोज हायवेने जाता-येता ट्रकखाली सापडलेल्या गाड्या बघून त्यांच्या मनाने धसका घेतला होता.

"पुजलेल्या वस्तूला पाना लावतं का कोणी? अपशकुन होतो. आणि राहू दे ना, एल दिसला की ट्रकवाले बाजूला होतात."

झालं! मी तिथेच राहिले. पुढच्या दसऱ्याला पुन्हा कुंकू, पुन्हा हार. माझे नट गंजून बोल्टांना घट्ट धरून बसले. बाजारात पोरं विचारायची, "मावशी, अजून शिकताच का?" लताबाई हसून वेळ मारून न्यायच्या, पण हँडलवरची त्यांची मूठ कशी आवळायची ते मला दिसायचं. मेलं ते माझं अक्षर! शरमेने मीच लाल झाले होते.

त्यात झुलालभाऊंचा नियम: हायवेवरच्या बांभोरीच्या पुलापलीकडे स्कूटर न्यायची नाही. का, तर "पाटीवर एल आहे तोवर तू शिकाऊच." म्हणजे पाटी आहे म्हणून पुढे जायचं नाही, आणि पुजलेली आहे म्हणून पाटी काढायची नाही. सांगा मित्रांनो, या कोंडीतून माणसाने निघावं कुठून? मला बेडी केलं होतं त्यांनी. बेडीलाही कुठे सुटता येतं?

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात. झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण लेक आपली आपण जात नाही. तिला न्यायला माहेरचा माणूस यावा लागतो, त्याला मुराळी म्हणतात. लताबाईंचा मुराळी म्हणजे त्यांचा भाऊ उखर्डू. दरवर्षी पुलापलीकडच्या, धरणगावकडच्या खेड्यातून यायचा, बहिणीला घेऊन जायचा. या हिवाळ्यात त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला. आखाजी तोंडावर आली तशी भावजयीचा, हेमांगीचा, फोन आला. "ताई, ते सारखे दाराकडे बघतात. म्हणतात, या वर्षी लताला कोण आणील?"

फोन ठेवून लताबाई माझ्यासमोर येऊन बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. मला वाटलं, तुटून पडावं! पण गंजलेल्या बोल्टाला कुणाचं दुःख कळतं?

आखाजीच्या सकाळी त्या पाना घेऊनच अंगणात आल्या. झुलालभाऊ म्हणाले, "अगं, पुजलेली आहे ती. आणि मुराळी आल्याशिवाय जातं का कोणी?"

लताबाईंनी सासूकडे पाहिलं. "आई, गणपती बसवतो आपण. जायच्या वेळी अक्षता टाकतो, जरा हलवतो, मग उचलतो. देवाला उठवता येतं, आणि ही पाटी काय देवापेक्षा मोठी?"

भिकुबाई ओट्यावरून उठल्या, आत गेल्या आणि मूठभर अक्षता घेऊन आल्या.

"मना भाऊ मरी गया," त्या म्हणाल्या, "मंग मुराळी उनाच नई. मी बी माहेर गऊच नई. माय मरी गयी, तवय बी नई." न्यायला कुणी आलं नाही म्हणून त्या माहेरी पुन्हा गेल्याच नव्हत्या. "मीच पूजी व्हती, मीच उठाडस."

त्यांनी माझ्यावर अक्षता टाकल्या आणि मला बोटाने किंचित हलवलं. लताबाईंनी पाना लावला, पण नट हलेना. दोन दसऱ्यांचा गंज होता तो! तेव्हा झुलालभाऊ गुपचूप घरात गेले आणि तेलाची बाटली घेऊन आले. "आधी तेल सोड," ते म्हणाले. "आणि पुलावर डावीकडून जा. पोचली की फोन कर."

करकर करत बोल्ट फिरला आणि मी सुटले. लताबाईंनी मला डिकीत ठेवलं. आत अंधार होता, पण पुलाचे सांधे एकामागून एक चाकाखाली वाजले ते मला कळले. बांभोरी मागे पडली. मी आनंदाने नुसती खडखडत होते.

स्कूटर माहेरच्या अंगणात थांबली. कुणी आणलं ते विचारत खाटेवरून एक अडखळता आवाज आला, "लता? तुले कोण लई ऊनं वं?"

"मीच ऊनू, दादा. मना मुराळी मीच."

भाऊ रडला. बहीणही रडली. मग लताबाईंनी घरी फोन लावला आणि लेकीला म्हणाल्या, "मेघा, पोचले. आय हॅव लर्न्ट."

आता मी तिथेच, लताबाईंच्या माहेरी आहे, हेमांगी शिकतेय त्या गाडीवर. उखर्डूला धरणगावच्या दवाखान्यात न्यायचं तर कुणीतरी शिकायलाच हवं. मला बसवताना हेमांगी पाना शोधू लागली, तर लताबाईंनी तिचा हात धरला आणि नट बोटांनीच आवळून दिला.

मित्रांनो, म्हणून माझं एवढंच ऐका. कुणी नवं काही शिकत असेल तर मला जरूर लावा, हसू नका. पण नट हातानेच आवळा.