मेल्लाकाठचा लेथ

मित्रांनो, भोसरीत गोरक्षच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात लोखंड गरागरा फिरवून कातणारा एक जुना, हिरवागार लेथ उभा आहे. तो मीच. सगळे मला 'जर्मन मशीन' म्हणतात. किती ऐकून घ्यायचं? मी इटलीचा आहे हो!

उत्तर इटलीत, आल्प्सच्या पायथ्याशी, त्रोंपिया नावाचं खोरं आहे. त्यातून मेल्ला नदी ब्रेशा शहराकडे उतरते. वर डोंगरात लोखंडाच्या खाणी, उतारावर कोळशासाठी जंगल आणि खाली धावतं पाणी. एवढं एका जागी मिळाल्यावर माणूस गप्प बसतो होय! पाणचक्क्यांवर मोठमोठे हातोडे चालू लागले. व्हेनिसच्या राजवटीत तिथल्या बंदुकांच्या नळ्या दूरदूर जात. पुढे वीज आली, कारखाने आले आणि त्यांतल्याच एकात माझा जन्म झाला. खोऱ्याचं नाव कोरलेली पितळी पट्टी छातीवर ठोकली, तेव्हा मी केवढा फुशारलो होतो!

जहाजाने इथे आलो. गोरक्षच्या वडिलांनी, भिमाजींनी, मला जिवापाड जपलं. माझ्या फिरत्या दांड्याच्या वर, अंगावर असलेल्या बारीक छिद्रात तेल सोडल्याशिवाय ते कधी बटण दाबत नसत. ते वारले आणि माझे हाल सुरू झाले.

गोरक्ष वाईट नाही. पण खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते, तेव्हा मला नवा रंग द्यायची त्याला भारी हौस. आधी पट्टी रंगाखाली गेली आणि जुनं परदेशी मशीन म्हणजे जर्मनच, असं धरून लोकांनी मला जर्मन केलं. मग तेलाचं छिद्रही बुजलं. आता दांडा कोरडा घासतो, तापतो, किंचाळतो. मी जीव तोडून सांगतो आणि गोरक्ष म्हणतो, "म्हातारं झालं मशीन."

यंदा त्याने भंगारवाल्याला बोलावलं. गोरक्षची आई, रतनबाई, कळवळली.

"अरं, याच्या जिवावर घर उभं राह्यलं आपलं. सणाच्या तोंडावर भाईर काढू नगं रं!"

"पूजा करूनच पाठवू, आई. दसरा झाला की नेतील."

मग काय! रतनबाईने हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. त्याआधी गोरक्षने भरल्या डोळ्यांनी स्वतः ब्रश घेऊन मला रंगवलं. छिद्रावरून ब्रश दोनदा फिरला. असा संताप आला म्हणून सांगू! पण मला तोंड कुठे आहे?

मित्रांनो, तुमच्या घरी शिलाई मशीन असेल, सायकल असेल. त्यांना हार जरूर घाला, पण आधी तेल कुठे लागतं ते शोधा. नुसत्या मायेने आमचं भागत नाही.

आज दारात टेम्पो लागला आहे. माझ्या पाठीवरून हात फिरवत गोरक्ष भंगारवाल्याला सांगतो आहे, "बघा राव, अजून कसं नव्यासारखं दिसतंय!"