वाटणीची गोळी

थोरलीला लोकांना गाडी शिकवायला लागून बावीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत तिच्या शेजारी बसून कोणी आजारी पडलं नव्हतं. त्या हिवाळ्यात मात्र तिचे सगळे शिकाऊ शिंकत होते. कारण उघड होतं. बाई एकावन्न वर्षांची, पाळी जाऊन दीड वर्ष झालेलं, आणि दर तास-दीड तासानं छातीपासून टाळूपर्यंत अशी वाफ उसळायची की चारही काचा खाली केल्याशिवाय जीव ठिकाणावर येत नसे. एक बँकेतला कारकून तर कानटोपी आणि हातमोजे घालूनच क्लच दाबायला बसायचा.

वाफांचं एक वेळ चाललं असतं. पण त्यांनी झोपही पळवली होती, आणि झोपेपाठोपाठ तिचा शांतपणा. एका निवृत्त मास्तरांनी गाडी मागे घेताना फुलझाडांच्या कुंडीवर चढवली तेव्हा कधी आवाज न चढवणारी ही बाई त्यांच्यावर इतकी कडाडली की मास्तर गाडी तिथंच सोडून चालत घरी गेले. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलचा मालक फार गोड आवाजात म्हणाला, "बाई, थोडे दिवस विश्रांती घ्या की." थोरलीनं त्याच्याकडून तीन महिन्यांची मुदत मागून घेतली. गाडीतली ती डावीकडची खुर्ची गेली तर आपण कोण उरतो, हे तिला खरंच ठाऊक नव्हतं.

उपाय आणला धाकटीनं. धाकटी म्हणजे तिची जाऊ, एकोणपन्नासची, चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारी. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, घर एक, चूल एक, आणि आता दुखणंही एक. धाकटीला दिवसातून नऊ-दहा वाफा यायच्या आणि समोर बसलेल्या गिऱ्हाइकापेक्षा तिचाच चष्मा जास्त धुरकटायचा. तिला दुकानात बातमी लागली होती: मोठ्या इस्पितळात या वाफांवरच्या एका नव्या औषधाची चाचणी सुरू होतेय आणि त्यांना साठ बायका हव्यात.

"साठांत दोन आपल्या," धाकटी म्हणाली. "चला ताई, नाहीतरी आपण फुकट तापतोय. निदान कोणाच्या तरी कामी येऊ."

संशोधन विभागाची सिस्टर बुटकी, चष्मा कपाळावर चढवलेली आणि ताकाला जाऊन भांडं न लपवणारी होती. तिनं दोघींना समोर बसवून चौदा पानी संमतिपत्र वाचून दाखवलं. शरीरातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन ओसरलं की मेंदूतलं उष्णता सांभाळणारं केंद्र बावचळतं आणि थंडीतही घाम काढायचा हुकूम सोडतं. ही गोळी हार्मोनची नाही, ती त्या बावचळलेल्या केंद्रालाच शांत करते, असा अंदाज आहे. "अंदाज," सिस्टर बोट वर करून म्हणाली. "खात्री असती तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं? तीस जणींना खरी गोळी मिळणार, तीस जणींना नुसत्या पिठाची. दिसायला सारख्या. कोणाला कुठली, ते तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. यादी दुसऱ्या इमारतीत कुलपात आहे. रोज सकाळी एक गोळी, आणि आलेली प्रत्येक वाफ वहीत मांडायची. बारा आठवडे."

गोळ्या मिळायच्या औषधांच्या खिडकीतून. तिथं बसणाऱ्या गृहस्थांना सगळ्या बायका खिडकीकाका म्हणत. बाटलीवरचा आकडा ते दोनदा मोठ्यानं वाचत, मग समोरच्या बाईकडून एकदा वाचून घेत आणि मगच बाटली हातात देत. मागे रांग कितीही लांबो, या क्रमात कधी बदल नाही.

तिसऱ्या आठवड्यात थोरलीच्या अकरा वाफांच्या तीन झाल्या. ती रात्रभर झोपली आणि सकाळी गाणं गुणगुणत उठली. कारकुनानं टोपी काढली. मास्तर परत आले. धाकटीची वही मात्र होती तिथंच होती, दहा, नऊ, दहा.

आता इथं त्या घराची खोड सांगायला हवी. एक तीळ सात जणांत वाटून खावा असं म्हणतात सगळे. या घरात तो खरोखर सुरीनं कापला गेला असता. एकच सफरचंद आलं तर दोन फोडी, एकच साबण उरला तर दोन तुकडे. दोन्ही भाऊ एक वर्तमानपत्र मधून फाडून वाचत आणि मग शेवटच्या पानावर पुढे काय झालं ते एकमेकांना विचारत. अशा घरात थोरलीनं एकटीनं झोपायचं आणि धाकटीनं पलीकडच्या खोलीत पंख्यानं वारा घेत बसायचं, हे थोरलीच्या घशाखाली उतरेना.

बुधवारी सकाळी तिनं स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन्ही बाटल्या आणि भाजीची छोटी सुरी ठेवली. "हातच्या काकणाला आरसा कशाला? खरी गोळी माझी आहे," ती म्हणाली. "आजपासून रोज दोन्ही गोळ्या कापायच्या. अर्धी माझी, अर्धी तुझी."

धाकटीनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "अहो ताई, वाटायच्या नाहीत असं सिस्टरनं वाचलं होतं ना?"

"तिनं 'इतर व्यक्तींना देऊ नये' असं वाचलं होतं. तू काय इतर व्यक्ती आहेस?"

"बरं," म्हणून धाकटीनं सुरी उचलली. काचा घासणारा हात. गोळीचे असे दोन तुकडे झाले की वजन करून पाहावेत.

आठवडाभरात धाकटीच्या वाफा चारवर आल्या. थोरलीच्या आदल्या सोमवारपासून जरा वाढल्या होत्या, मंगळवारी तर सहा. पण मंगळवारी तिला घाटात गाडी नेणारी नवशिकी बाई मिळाली होती, त्यात कोणालाही घाम फुटला असता. पुढे तिच्याही चार-पाचवर थांबल्या. धाकटी दुपारची डुलकी घेताना दिसली की थोरली मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायची. मोठी जाऊ असावी तर अशी, असं तिला प्रामाणिकपणे वाटायचं. वह्या दोघींनी खऱ्या लिहिल्या. गोळ्याही बाटलीतून बरोबर एकेकच कमी होत होत्या, त्यामुळे सिस्टरच्या मोजणीत कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

आठव्या आठवड्यात सगळ्यांचं रक्त तपासलं आणि नवव्यात दोघींना बोलावणं आलं. जाताना थोरलीला औषधांची खिडकी बंद दिसली. झडपेवर कागद चिकटवला होता: पुढील सूचनेपर्यंत वाटप थांबवले आहे.

सिस्टरचा चष्मा आज नाकावर होता. "तुमच्या दोघींपैकी एकीला पिठाची गोळी आहे आणि तिच्या रक्तात औषध सापडलंय," ती म्हणाली. "कोणाच्या, ते यादीवाल्यांनी मलाही सांगितलेलं नाही. बाटल्या घेतल्या त्या दिवशी रांगेत तुम्ही एकीमागे एक होतात. त्यामुळे बाटल्या खिडकीतच बदलल्या गेल्या असणार. काकांना काल घरी बसवलंय. आता साठही बाटल्या परत मागवून तपासतील, तोवर कोणालाच गोळी नाही. तुम्हाला काही आठवतंय का? आकडा नीट वाचला नव्हता वगैरे?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते थोरलीच्या तोंडावर लख्ख पडलं असणार, पण सिस्टर कागदात बघत होती. टेबलाखाली धाकटीनं तिचा हात दाबला. गप्प राहा, असा त्याचा अर्थ होता. नुसतं 'आठवत नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं. खरं बोललं तर गोळी बंद, पुन्हा अकरा वाफा, पुन्हा काचा खाली, आणि मालकाच्या मुदतीतले आठच दिवस उरलेले. थोरलीनं हे सगळं त्या एका क्षणात मोजलं. मग तिला खिडकीमागचा आवाज आठवला, एकच आकडा दोनदा वाचणारा. त्या माणसाला आज घरी बायकोनं काय विचारलं असेल?

"काकांनी काही बदललं नाही," ती म्हणाली. "आम्ही कापून खाल्ल्या."

"काय कापून?"

"गोळ्या. रोज दोन्ही. अर्ध्या-अर्ध्या. कल्पना माझी. हिचं एवढंच की हिनं माझं ऐकलं."

सिस्टरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुढची पाच मिनिटं ती जे बोलली त्यातलं निम्मं लिहिण्यासारखं नाही. तीन वर्षांची तयारी, साठ बायका, आणि दोघींनी अशीच वाटणी चालू ठेवली असती तर पिठाची गोळीही गुणकारी ठरून खऱ्या औषधाची किंमत शून्य झाली असती, हे तिनं टेबलावर बोट आपटत सांगितलं. थोरली मान खाली घालून ऐकत राहिली. लाज वाटत होती आणि हलकंही. "अठ्ठावन्नांवर भागेल?" तिनं शेवटी विचारलं.

"भागवावंच लागेल," सिस्टर म्हणाली. मग तिचे खांदे हलू लागले. थोरलीला वाटलं रडतेय. ती हसत होती. "जावा-जावा भांडतात असं ऐकलं होतं हो. या जावांचं काय करायचं, हे कुठल्या पुस्तकात नाही." तिनं त्याच मिनिटाला फोन करून खिडकीकाकांना बोलावून घेतलं. संमतिपत्रात एक ओळ वाढली: गोळी बहिणीला, जावेला, शेजारणीला, कोणालाही, अर्धीसुद्धा देऊ नये.

थोरलीच्या वाफा परतल्या. आठ दिवसांनी ती मालकाकडे गेली आणि, लपवून काय उपयोग, सगळं सरळ सांगून टाकलं. मालक म्हणाला की त्याची बायकोही हल्ली रात्री सगळ्या खिडक्या उघडते आणि त्याला वाटायचं की ती त्याच्यावर रागावलीय. त्यानं थोरलीला सकाळच्या गार तासांची पाळी दिली आणि तिच्याकडून इस्पितळाचा पत्ता लिहून घेतला.

सहा महिन्यांनी चाचणीचा निकाल लागला. औषध खरंच चाललं होतं. साठही बायकांना, या दोघींनाही धरून, पुढचं वर्षभर खरी गोळी मिळणार होती. सिस्टरनं दोघींना समोर बसवलं, त्यांच्या जुन्या वह्या काढल्या आणि कुलपातल्या यादीचा कागद उघडला.

"थोरल्या बाई," ती म्हणाली, "तुमची पिठाची होती."

थोरलीला वाटलं सिस्टर ओळ चुकलीय. "पण मी झोपत होते. अकराच्या तीन झाल्या होत्या."

"झोपत होतात. पिठावरही होतं तसं काही दिवस, खोटं नाही ते. मग बघा तुमचीच वही: सोमवारी चार, मंगळवारी सहा. चढायला लागल्याच होत्या. आणि या बाईंची वही: रविवारी आठ, सोमवारी सहा, मंगळवारी पाच. त्यांच्या गोळीनं तेव्हाच काम सुरू केलं होतं. बुधवारी तुम्ही सुरी काढलीत."

थोरली वळून धाकटीकडे बघू लागली. धाकटी पर्सची चेन उघडझाप करत होती.

"तुला कळलं होतं?"

"माझ्या कमी व्हायला लागल्या होत्या आणि तुमच्या वाढायला लागल्या होत्या, एवढं कळलं होतं. तुम्ही अर्धी-अर्धी म्हणालात. मी म्हटलं, बरं झालं."

म्हणजे दीड महिना ही बाई स्वतःच्या औषधातलं अर्धं औषध रोज सकाळी हातानं कापून आपल्याला देत होती, आणि आपण तिच्यावर उपकार करतोय म्हणून मिरवत होतो. थोरलीला आधी भयंकर राग आला. मग इतकं भरून आलं की सिस्टरनं तिच्यापुढे कापसाची अख्खी गुंडाळी सरकवली.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही घेतली असतीत का?"

"नसती घेतली," थोरली कापसात नाक पुसत म्हणाली. "तुझी पुरी गोळी तुलाच खायला लावली असती."

"म्हणूनच," धाकटी म्हणाली, आणि नवी बाटली थोरलीच्या हातात देऊन त्यावरचा आकडा तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेऊ लागली.