लोकरीचं झाकण

माझी सून इमारती उभ्या राहायच्या आधीच त्यांची चालती चित्रं बनवते. सगळं कॉम्प्युटरच्या पोटात शिजतं. त्या आठवड्यात एका शाळेचं काम आलं. बुधवारी सकाळी सहाला आराखडे हातात येणार, गुरुवारी संध्याकाळी सहाला चित्र द्यायचं. मधे तास छत्तीस, आणि आमच्या जुन्या यंत्राला लागणार चाळीस. उशीर झाला की काम दुसऱ्याला, आणि हिला पुन्हा कोणी विचारणार नाही.

"ह्याच प्रोसेसरला थोडं जास्त पळवते," ती म्हणाली. "ओव्हरक्लॉक म्हणतात त्याला."

"जळेल ते. मग बस बोंबलत," माझा लेक म्हणाला.

"तू तुझ्या कामाला लाग," मी त्याला म्हटलं. मनात मात्र आलं, म्हाताऱ्या घोड्याला चाबूक दाखवतेय ही.

रविवारी तिनं यंत्र उघडलं. पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरवरचा उष्णता ओढून घेणारा लेप वाळला होता, तो पुसून नवा लावला. वेग चार गिगाहर्ट्झ होता म्हणे, तो चार पॉइंट एक केला आणि यंत्राला गणितं घातली. उत्तरं आधीच ठाऊक असलेली. एक जरी चुकलं तरी वेगाची ती पायरी नापास, सगळी बरोबर आली तर पुढची पायरी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वेग, ताप, चुका सगळं वहीत उतरवायचं.

मी जन्मभर शिवणयंत्र चालवलं. शिवण घातली की दोन्ही हातांनी ओढून बघायची. उसवायची तर घरात उसवू दे, गिऱ्हाइकाच्या अंगावर नको. शाळेच्या चारच यत्ता बघितल्या मी, पण सून काय करतेय ते मला बरोबर कळलं.

सोमवारी चार पॉइंट सहावर तिसऱ्या तासाला एक गणित चुकलं.

"एकच ना?" मी म्हटलं. "हजार बरोबर आलीत की!"

"आई, बाहीची एक शिवण सुटली तर तुम्ही बाकीच्या मोजत बसाल?"

मला उलटं बोलणारं माणूस या घरात फार टिकत नाही. पण हे माझ्याच धंद्यातलं होतं, मी मान डोलावली. ती एक पायरी खाली आली. चार पॉइंट पाचवर साडेपस्तीस तासांत काम होत होतं. "पुरतंय तिथं थांबावं," म्हणाली.

मंगळवारी सकाळी तिनं त्याच वेगावर लांबलचक तपासणी लावली आणि बाहेर गेली. "आई, हात लावू नका हं." हात मी लावलाच नाही. पण धूळ वाईट, हे तिचंच बोलणं. मी यंत्रासाठी हौसेनं लोकरीचं फुलाफुलांचं झाकण विणलं होतं, ते वरून घातलं. थोड्या वेळानं पंखा घोंघावायला लागला आणि मग एकदम चिडीचूप. पडदा काळा.

ती दारात आली तसं सांगून टाकलं, "मी झाकलं गं. मेलं बहुतेक."

ती ओरडली नाही. झाकण काढलं, यंत्र निवू दिलं, चालू केलं. चाललं!

"नव्वद अंशांच्या वर ताप गेला की आपणहून बंद हो, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं त्याला."

"म्हणजे माझ्यासारखी सासू घरात आहे हे धरूनच?"

"कोणीही असू शकतं, आई," म्हणाली आणि गालात हसली. तपासणी मात्र पुन्हा शून्यापासून लावली. "झालेले तास धर की," म्हटलं, तर नकारार्थी मान हलवली. वहीत लिहिलं: आईंचं झाकण. नव्वद. आपणहून बंद झालं. बिघाड नाही.

बुधवारी सकाळी सहापर्यंत एकही गणित चुकलं नाही. मग शाळेचं काम चढवलं. मी त्या खोलीकडे फिरकले नाही.

गुरुवारी साडेपाचला तिनं हाक मारली. पडद्यावर शाळेचा जिना चढत गेलो, वर्गात शिरलो, बाकांवर खिडकीतलं ऊन पडलेलं. कुठे एक ठिपका फाटलेला नाही. सहाच्या आत चित्र पोचलंही.

लेक आला. "जळलं नाही?"

"जळलं मेलं तुझं तोंड! बायकोकडून शीक जरा."

झाकण मी उसवलं. त्याच लोकरीचं तिच्या वहीला वेष्टण विणतेय. वहीला काही ताप चढत नाही.