तपासणीपुरता कठडा

तपासणीच्या सकाळी कंत्राटदाराची माणसे सर्वांत आधी मला पुसत. गोदामाचे शटर वर जाई, माझ्यावर टाकलेली सिमेंटची रिकामी पोती बाजूला होत आणि फिटर ओल्या फडक्याने माझा एकेक गज पुसून काढी. जिथे रंगाचा पोपडा उडाला असेल तिथे काळ्या रंगाचा एक हात फिरे. मग मला टेम्पोत आडवे टाकून नव्या घराशी नेत. पायऱ्यांत बोल्ट आधीच रोवलेले असत. त्यांवर माझे पाय बसवले जात, नट बोटांनी फिरवले जात आणि पान्याचा जेमतेम एक पीळ दिला जाई.

"जास्त आवळू नकोस," फिटर आपल्या जोडीदाराला बजावी. "संध्याकाळी आपल्यालाच सोडायचेत."

मित्रांनो, मी जिन्याचा लोखंडी कठडा आहे. आता जुना झालो आहे. तुम्ही म्हणाल, कठड्याला कसले आयुष्य? एका जिन्याला जन्मभर धरून उभे राहायचे, एवढेच त्याचे काम. मलाही सुरुवातीला तसेच वाटले होते.

माझा जन्म एका गल्लीतल्या वेल्डरच्या दुकानात झाला. तो माणूस कामाचा पक्का होता. माझे सांधे त्याने हाताला बोचणार नाहीत असे घासले, वरची दांडी गोल ठेवली आणि गज इतके जवळ बसवले की रांगत्या मुलाचे डोके त्यांतून जाऊ नये. घर बांधण्याचा नियमच तसा आहे. जिन्याच्या उघड्या बाजूला कमरेच्या वर येणारा, घट्ट रोवलेला कठडा असल्याखेरीज घरात राहण्याचा दाखला मिळत नाही.

"पाय सिमेंटमध्ये गाडायला लांब ठेवू ना?" वेल्डरने विचारले.

"छे, छे!" कंत्राटदार म्हणाला. "पायांना पट्ट्या दे आणि भोकं पाड. सोडता आला पाहिजे."

"सोडायचा कशाला?"

"तू वेल्डर आहेस की वकील?"

वेल्डर हसला आणि त्याने भोके पाडली.

कंत्राटदाराची सगळी घरे एकाच साच्यातली होती. जिने सारखे, पायऱ्यांची मापे सारखी, बोल्टांच्या जागाही सारख्या. त्यामुळे प्रत्येक घरासाठी वेगळा कठडा करण्याची त्याला गरजच उरली नाही. तपासणीच्या दिवशी बांधकाम निरीक्षक येत, टेप लावून माझी उंची मोजत, गजांतून मूठ घालून पाहत आणि म्हणत, "वा, कठडा छान केलाय." दाखल्यावर सही होई. दिवस मावळायच्या आत मी पुन्हा पोत्यांखाली जाई. कंत्राटदाराची माणसे मला 'पाहुणा' म्हणत. "चला रे, पाहुण्याला घरी सोडून या," असे म्हणून ती खिदळत. मित्रांनो, मी ज्या ज्या घरात गेलो तिथे माझी स्तुती झाली आणि मी कोणत्याही घरात राहिलो नाही. त्या उघड्या जिन्यांवरून कोण कसे चढत-उतरत असेल, याचा विचार करीत मी अंधारात गंजत पडे.

एका घराच्या तपासणीला घर घेणारी माणसेही आली होती. एक निवृत्त बस कंडक्टर आणि त्याची मुलगी. ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि वडिलांना फारसे दिसत नाही म्हणून जिन्याकडे काळजीने पाहत होती. म्हाताऱ्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, हात पुढे केला आणि त्याच्या पंजात मी सापडलो. त्याच्या तळहाताला जुने घट्टे होते. आयुष्यभर चालत्या गाडीत दांडा धरलेला तो हात.

"अगं, हा तर आपला दांडा!" तो म्हणाला. "आता बघ. चला, पुढे चला, दारात गर्दी करू नका!" आणि स्वतःलाच हाकारीत तो एका दमात माडीवर गेला.

"बाबा, हळू!"

"दांडा हातात असला ना, की मी घाटातसुद्धा उभा राहीन. वरची खोली माझी. ठरलं."

मुलगी हसली. कंत्राटदारही हसला. माझ्या सबंध आयुष्यात मला एवढ्या विश्वासाने कोणी धरले नव्हते. त्याच संध्याकाळी फिटरने माझे नट काढले.

पुढचे मी नंतर त्या मुलीच्याच तोंडून ऐकले. सामान आले, तेव्हा जिना उघडा होता. "रंगायला नेलाय, ताई. चार-आठ दिवसांत लावतो," कंत्राटदाराने फोनवर सांगितले. तिने वडिलांना पुन्हा पुन्हा बजावले की कठडा येईपर्यंत एकट्याने उतरायचे नाही. त्यांनीही मान डोलावली. परंतु एका पहाटे ते तहानेने उठले. कानांना सूचना ऐकू आली होती, पण हाताला मीच आठवत होतो. हात पुढे गेला, तिथे काही नव्हते. ते खाली फरशीवर आदळले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले.

मुलीने निरीक्षकांच्या कार्यालयात तक्रार केली. पाहणीला कधी येणार हे कार्यालयाने रीतीप्रमाणे दोन्ही बाजूंना कळवले. नेमकी तीच सकाळ वडिलांना इस्पितळातून घरी आणण्याची होती. ती तिकडे गेली असताना फिटरने कंत्राटदाराच्या राखणदाराकडे राहिलेल्या जादा किल्लीने दार उघडले आणि मला माझ्या जागेवर उभे केले. मित्रांनो, ज्याच्यासाठी मी उभा राहायला हवे होते, त्याच्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी मला तिथे उभे केले गेले.

शेजारचे दोघे म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून आत घेऊन आले, तेव्हा निरीक्षक माझी उंची मोजत होते. मुलगी दारातच थबकली.

"हा सकाळी नव्हता," ती म्हणाली.

"ताई, घरात दुखणं आलं की माणसाला भान राहत नाही," कंत्राटदार मवाळपणे म्हणाला.

"साहेब, मी खोटं सांगतेय का? शेजाऱ्यांना विचारा!"

"नव्हता, साहेब," खुर्ची धरलेला एकजण म्हणाला.

"बाई, मला समोर जे दिसतं तेच लिहिता येतं," निरीक्षकांनी टेप गुंडाळली. "कठडा आहे. उंची बरोबर आहे." त्यांनी मला धरून हलवले. माझ्यात जेवढे बळ होते तेवढे एकवटून मी खडखडलो. निरीक्षक फिटरकडे वळून म्हणाले, "जरा आवळून घ्या हो." आणि ते निघून गेले.

माणसांनी खुर्ची उचलली. अर्ध्या जिन्यात मुलगी वडिलांच्या कानाशी वाकली. "बाबा, कठडा आहे बघा. हात लावा ना."

म्हाताऱ्याने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

"उद्या असेल का?" त्याने विचारले.

डॉक्टर म्हणाले होते की आधार असेल तर हा माणूस काही महिन्यांनी पुन्हा जिना चढेल. पण हात मांडीवरच राहिला, तर तो कसा चढणार? मुलीने वडिलांना पलंगावर निजवले, त्यांच्या अंगावर पांघरूण घातले आणि ती चप्पल घालून बाहेर पडली. परत आली तेव्हा तिच्याबरोबर वेल्डर होता. मला घडवणारा तोच. त्याने मला ओळखले आणि खाली मान घातली.

"याला कायमचा करा," मुलगी म्हणाली.

"ताई, कंत्राटदार माझं काम बंद करेल."

"माझ्या वडिलांचं चालणं बंद झालंय."

वेल्डरने एकवार वरच्या खोलीकडे पाहिले. मग डोळ्यांवर काळा चष्मा चढवला. एकेका नटाला त्याने लोखंड वितळवून बोल्टाशी जोडून टाकले. ठिणग्या पायऱ्यांवर उडाल्या. मला पहिल्यांदाच त्या घराचा भार जाणवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिटर मला सोडवून न्यायला आला. त्याने पाना लावला, जोर लावला, पाना निसटून त्याची बोटे सोलली गेली. मुलगी वरच्या पायरीवर उभी राहून बघत होती. तो दाराबाहेर गेला आणि त्याने कंत्राटदाराला फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"अडकला? राहू दे तिथेच. दुसरा बनवून घेतो. या वेळी जरा हलका करू, उचलायला बरा."

म्हणजे आता कुठल्यातरी पोत्यांखाली माझा धाकटा भाऊ पडलेला आहे, आणि कुठल्यातरी जिन्यावर कोणी रिकाम्या हवेत हात पुढे करीत आहे. मित्रांनो, नव्या घरात पाऊल टाकाल तेव्हा माझ्या भावंडांना नुसते पाहू नका. त्यांना धरून जोराने हलवा. नट बोटाने फिरतो का, ते बघा. नियम कागदावर असतो; त्याला लोखंडात उतरवण्याचे काम कोणीतरी करावे लागते.

त्या सकाळी फिटर गेल्यावर मुलीने दार लावून घेतले. वेल्डिंगच्या आचेने माझ्या पायांशी रंग जळाला होता. तिने पॉलिश पेपर आणला, ती पायरीवर बसली आणि काजळी घासून काढू लागली. मग गंज लागू नये म्हणून तिने रंगाचा छोटा डबा उघडला आणि सर्वांत खालच्या नटापासून ब्रश फिरवायला सुरुवात केली.