शिंगाचा पेला आणि न झालेली लढाई

मी एक शिंगाचा पेला. पिरायू गावात, व्हेनान्सिओ सुताराच्या अंगणात घडलो. त्याचा म्हातारा बैल गेला, तेव्हा त्याने त्याचं शिंग कापलं, उकळलं, काचेच्या तुकड्याने घासलं, तळाला लाकूड बसवलं आणि लग्नात लेकीच्या, रमोनाच्या हाती दिलं. माझ्यात येर्बा नावाच्या झाडाचा चहासारखा कडवट पाला भरायचा, थंड पाणी ओतायचं आणि एकाच नळीने सगळ्यांनी पाळीपाळीने ओढायचं. एवढंच माझं काम.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आमच्या छोट्या देशाचं शेजारच्या ब्राझीलशी बिनसलं आणि सैन्याचं बोलावणं आलं. रमोनाचा नवरा फुल्हेन्सिओ, धाकटा भाऊ सिरिलो, साठीला टेकलेला व्हेनान्सिओसुद्धा निघाला. रमोनाला तिसरा महिना होता. तिने मला नवऱ्याच्या गाठोड्यात कोंबलं.

"पेला फोडलास तर घरात घेणार नाही."

"आणि मीच फुटलो तर?"

"तसलं बोलू नकोस," म्हणून ती आत निघून गेली.

सेरो लेओनच्या छावणीत आमच्या गावचे अकराजण दुपारी माझ्याभोवती बसायचे. सिरिलोच्या तोंडी सारखी लढाई. "महिन्याभरात ब्राझीलला लोळवू."

"ब्राझील एकटा येईल होय?" व्हेनान्सिओ म्हणे. "अर्जेंटिना त्याला मिळाला, की आपले पुरुष किती उरतील? नांगर बायकांना धरावा लागेल."

"बाबा, तुम्ही सुतारच बरे."

फुल्हेन्सिओ माझ्यात पाणी ओतत राहायचा. पण त्याची पाळी आली, की नळी त्याच्या दातांवर वाजायची. ते फक्त मला कळायचं.

नोव्हेंबरात नदीतून वर निघालेलं ब्राझीलचं जहाज अडवायचा हुकूम सुटला. छावणी रात्रभर जागी राहिली. सकाळी हुकूम मागे घेतला गेला आणि जहाज आपल्या वाटेने गेलं. मोठ्या लोकांनी समोरासमोर बसून भांडण मिटवलं म्हणे. आम्हाला कोणी काही सांगितलं नाही. 'घरी जा,' एवढंच.

सिरिलो रडायला लागला. "गावात काय तोंड दाखवू?"

"आहे तेच," व्हेनान्सिओ म्हणाला. "दोन डोळे, एक नाक. तुझ्या बहिणीला तेवढं पुरे."

रमोना दारात उभी होती, पोट पुढे आलेलं. तिने नवऱ्याचं तोंड दोन्ही हातांत धरून न्याहाळलं, मग भावाचं, मग बापाचं. तिघेही धड. मग काय करावं ते न सुचून ती ओरडली, "आधी पाय धुवा."

न झालेल्या लढाईचा पुतळा कोणी उभारत नाही. गावात मुलं झाली, शेतं पिकली, रताळी आणि मका पुरून उरला. सिरिलो मात्र प्रत्येक लग्नात दारू चढली की म्हणायचा, "लढलो असतो तर कॅप्टन झालो असतो." एकदा त्या रागात त्याने मला भिंतीवर फेकलं. काठाला चीर गेली. फुल्हेन्सिओने मेण भरलं, मला पुन्हा त्याच्याच हातात दिलं आणि म्हणाला, "घ्या कॅप्टन, तुमची पाळी."

अशी चाळीस वर्षं गेली. व्हेनान्सिओ कधीचाच गेला होता. गेल्या महिन्यात फुल्हेन्सिओ गेला, स्वतःच्या खाटेवर, रमोनाच्या मांडीवर डोकं ठेवून.

शवपेटी उचलायला छावणीतले सहा सोबती आले. सगळे पांढऱ्या केसांचे. कुणाची कंबर वाकलेली, कुणाचा गुडघा सुजलेला. तरणे जावई पुढे झाले, तर सिरिलोने त्यांना हातानेच मागे सारलं. स्मशानापर्यंत सहाजणांनी पेटी तीनदा खाली ठेवली.

तिसऱ्यांदा आंब्याच्या सावलीत ठेवली, तेव्हा मागून येणाऱ्या रमोनाने टोपलीतून मला काढलं. पाला भरला, पाणी ओतलं. "दमलात. बसा जरा. त्याला कुठे घाई आहे?"

सिरिलो पेटीला टेकून बसला. नळी ओठांत धरली, पण ओढली नाही. मग म्हणाला, "रमोना, ती लढाई झाली असती तर आम्हाला उचलायलाही कोणी उरलं नसतं गं."

"पी," ती म्हणाली. "गरम होतंय."

आमच्याकडे एक रीत आहे. पेला परत देताना ज्याने 'आभारी आहे' म्हटलं, त्याचं पोट भरलं असं समजतात. त्याला पुन्हा देत नाहीत. त्या दुपारी तसं कोणीच म्हणालं नाही. सहा म्हातारे आणि एक बाई यांच्यातून मी फिरत राहिलो, पाल्याची चव जाऊन नुसतं पाणी उरलं तरी.

आता माझी चीर रुंदावली आहे. मी गळतो, आणि रमोना खाली फडकं धरते. तुम्ही कधी पिरायूला आलात, तर तिच्या अंगणात बसा. पेला तुमच्यापर्यंत येईल. आभार मानायची घाई तेवढी करू नका.