बंदुकीत बसवलेला डोळा

पुसेगावच्या खळ्यावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. झाडांवर माणसं, उभ्या गाड्यांवर माणसं, आणि मधोमध पोत्यावर बंदूक टेकवून पालथे पडलेले बारूदबाबा. बार निघाला. पन्नास पावलांवरच्या पांढऱ्या फळीकडे चेला धावला, उदाचा धूर केला, काहीतरी पुटपुटला आणि मग त्याने हाक दिली, "या, दर्शन घ्या." लोक धावले. फळीवर कुंकवाचा टिळा आणि टिळ्याच्या नेमक्या मध्यावर गोळीचं भोक. तीनदा असंच झालं. बायकांनी फळीला हात जोडले, मी कपाळाला हात लावला.

ही १९४१ सालची गोष्ट. मी सेनगावच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. बंदूक पुसेगावचे बडे जमीनदार दगडोबा यांची. हिंगोलीला नेमबाजीच्या शर्यती होणार होत्या. तिथे आपला मान व्हावा म्हणून त्यांनी मुंबईहून बावीस बोअरची विलायती बंदूक मागवली. भारीतली नव्हे, कारखान्यातून शेकड्यांनी निघते तसली. पेटीत कारखान्याचं एक छापील कार्ड निघालं. त्यावर पाच गोळ्या जवळजवळ एकाच भोकातून गेलेल्या. दगडोबांच्या पाच गोळ्या मात्र वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत विखुरत. त्यांनी ठरवून टाकलं की बंदूक झपाटलेली आहे.

मी कॉलेजात नेमबाजी शिकलो होतो. मीही बार काढून पाहिले. माझ्याही गोळ्या तेवढ्याच पसरल्या.

"दगडोबा, बंदूक उत्तम आहे," मी म्हणालो. "या किमतीची बंदूक, बाजारातली काडतुसं आणि उघड्यावरचा वारा म्हटलं की एवढंच मिळतं. कार्डावरचा नेम कारखान्यात धरलेला असतो. बंदूक लोखंडी पकडीत आवळतात, काडतुसं निवडून घेतात, आणि त्यातलंही जमलेलं तेवढंच पेटीत घालतात."

"मंग छापलं काहून त्यानं?" दगडोबा म्हणाले. "डाक्टरसाहेब, तुमचा हात हालून राहिला."

माझा हात हलतो, पण छापलेला कागद हलत नाही! लवकरच बारूदबाबा अवतरले.

"ही समुद्रावरून आली," बाबांनी नळीला कान लावून निदान केलं. "वाटेत हिला बाहेरचं लागलं. आंधळी झाली बिचारी. मी नळीत डोळा बसवतो. मग ही अंधारातसुद्धा मुंगीचा पाय ओळखील."

इथवर मी हसून सोडून दिलं असतं. पण दगडोबांची सून मनकर्णा हिला फेफरं येत असे. बाबांनी तिच्यातही तीच बाधा शोधून काढली. बाधा लिंबात उतरवायची, लिंबू मनकर्णेच्या डोक्यावर ठेवायचं आणि डोळस बंदुकीने ते उडवायचं. खळ्यावरची गर्दी त्यासाठी होती. फळीवरचे तीन बार हा नुसता पुरावा.

"अहो, गोळी दोन बोटं खाली गेली तर पोरीच्या कपाळात शिरेल," मी दगडोबांच्या पुढ्यात उभा राहिलो.

"डोळ्यानं पायलं न्हाई का तुमी? तीनदा बराबर मधात."

काय पाहिलं होतं? बार निघण्याआधी टिळा लावायला गेलेला चेला आमच्याकडे पाठ करून उभा. बार निघाल्यावर बाबांची देवी शांत होईपर्यंत फळीजवळ कुणी जायचं नाही. मधल्या वेळात फळीवर टिळा आहे की नाही, हे एका माणसानेही जवळून पाहिलं नव्हतं. मी हे ओरडून सांगितलं, तर दोघांनी मला बखोटीला धरून मागे नेलं. औषधाने उतार न पडलेले रोगी मी पाहिले होते. पण धडधाकट माणसांचं एवढं मोठं खळं आपल्यासमोर बिनडोक व्हावं आणि आपण नुसतं पाहावं, याची मला विलक्षण चीड आली.

तेवढ्यात पदर सावरत मनकर्णा सासूला म्हणाली, "आत्याबाई, कुंकू गड्यानं काहून लावायचं? सवाशिणीनं लावावं न्हाई का?"

सासू गोजरबाई रीतिभातीच्या पक्क्या. त्या सरळ पुढे आल्या. "व्हय की. आमच्या घरची बाधा हाय. टिळा आमची सून लावंल."

"माताजी, मंतरलेलं कुंकू आहे," बाबा गडबडले. "बाईमाणसाला झेपणार नाही."

"कुंकू बाईला झेपत न्हाई, तर कुणाला झेपतंय?"

बायका हसल्या. आता नाही म्हणायची बाबांची सोय राहिली नाही. दुसरी कोरी फळी आणवून तिच्यावर मनकर्णेने ठळक टिळा लावला, सगळ्यांना दाखवला आणि बाजूला झाली. बाबांनी बार काढला. मग वाऱ्याला शिव्या घालून दुसरा काढला, उन्हाला शिव्या घालून तिसरा. लोकांनी पाच पुरे करून घेतले. धूर घेऊन निघालेल्या चेल्याला गोजरबाईंनी वाटेतच बसवलं.

टिळा शाबूत होता. एक गोळी त्याच्या कडेला चाटून गेली होती, बाकीची भोकं भोवती वाटीभर जागेत. दगडोबांची पडत, माझी पडली, तशीच. एक भोक टिळ्याच्या दोन बोटं खाली होतं. मनकर्णेने त्या भोकावर बोट ठेवलं, मग तेच बोट आपल्या कपाळावर टेकवलं.

"आधी भोक पडायचं, मग धुराआड त्याच्याभोवती टिळा लागायचा," मी सांगितलं. या वेळी मला कुणी मागे ओढलं नाही. बाबांना एकाएकी कनेरगावच्या भक्तांची आठवण झाली.

दगडोबांनी फळीवरची भोकं बोटाने मोजली. शेवटी म्हणाले, "म्हंजे बंदूक खराबच म्हना की."

पुढच्या बाजारी मनकर्णा सासूला घेऊन दवाखान्यात आली. औषधाची बाटली हातात धरून तिने विचारलं, "यानं फेफरं पुरतं जाईल का?"

"कमी होईल. रोज न चुकता घेतलंस तर बरंच कमी होईल. पुरतं जाईल असं मी सांगत नाही."

"बाबा पुरतं जाईल म्हनला व्हता," ती म्हणाली. "तुमी कमी सांगता, म्हनून घेते."

वाचकहो, बंदूक असो, औषध असो की माणूस, प्रत्येकाची एक मर्यादा असते, आणि ती सांगणाराच बहुधा खरं बोलत असतो. चमत्काराचा दावा करणाऱ्याला एवढंच म्हणा: टिळा आम्ही लावतो, बार तू काढ.